कचरा दाबण्यापूर्वी : नगरपालिकांच्या यंत्रसामग्रीचा एक आढावा

नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात घनकचऱ्याच्या शीर्षाखाली दरसाल जी तरतूद होते, तिच्यातील सिंहाचा वाटा झाडलोट, संकलन आणि वाहतूक यांतच संपतो, आणि कचऱ्याचे पुढे काय करायचे या मूळ प्रश्नासाठी उरणारी रक्कम इतकी अल्प असते की, कर्तव्यदक्ष मुख्याधिकाऱ्यालाही यंत्रखरेदीचा विचार करताना प्रथम वाहतुकीचा खर्च कमी करण्याची तजवीजच सुचते. कचऱ्याचे आकारमान दाबून कमी करणारी गाडी, जिला आपल्याकडे सर्वत्र कॉम्पॅक्टर म्हणतात, ती या तजविजीचे सर्वांत प्रचलित साधन होय. तिच्या पाठोपाठ गासड्या बांधणारी यंत्रे आली, फिरत्या चाळण्या आल्या, तुकडे करणारी यंत्रे आणि जैववायूच्या टाक्या आल्या. ही सारी सामग्री सार्वजनिक पैशातून घेतलेली असल्याने तिच्या उपयुक्ततेची विचारपूस करणे हा करदात्याचा अधिकार आहे; आणि ती विचारपूस करताना जो निष्कर्ष माझ्यापुढे वारंवार येऊन उभा राहतो तो आरंभीच सांगितलेला बरा. घरोघरी वेगळा होण्यापूर्वीच कचरा दाबला, तर पुनश्चक्रणाची शक्यता तेथेच संपते; आणि वेगळा झाल्यानंतर दाबला, तर तेच दाबयंत्र पुनश्चक्रणाचा व्यवहार आपल्या पायावर उभा करते.

हा क्रमाचा प्रश्न नवा नाही. पॅरिस शहरात १८८४ साली प्रीफेक्ट युजेन पूबेल यांनी घरमालकांना कचऱ्याची पात्रे ठेवण्याचा हुकूम दिला, तेव्हा कुजणारे पदार्थ, कागद व चिंध्या, आणि काच, चिनी माती व कालवांच्या शिंपा यांसाठी निरनिराळी पात्रे त्यांनी योजली होती. विलगीकरण घरातच झाले पाहिजे हे तत्त्व त्या हुकुमात स्पष्ट होते. त्याच्या दहा वर्षे आधी, १८७४ मध्ये, इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे कचरा जाळण्याची पहिली पद्धतशीर भट्टी उभी राहिली होती, आणि युरोपातील नगरकारभाऱ्यांपुढे तेव्हापासून दोन वाटा उघडल्या: वेगळे करून वापरणे, किंवा एकत्र करून नाहीसे करणे. मुंबईने त्या काळी तिसरीच वाट धरली, ती म्हणजे दूर नेऊन टाकण्याची. १८९६ च्या प्लेगाने शहर हादरल्यानंतर नगरपालिकेने चेंबूर-देवनारकडील दलदलीची विस्तीर्ण जमीन संपादन केली; कुर्ल्याहून चेंबूरकडे १९०६ मध्ये जो लोहमार्ग टाकला गेला तो मुळात कचऱ्याच्या गाड्यांसाठी होता, आणि प्रवाशांना तो खुला झाला १९२४ मध्ये. शहराचा केर आगगाडीने वाहून नेणाऱ्या त्या कारभारातील योजकता मान्य करूनही हे नमूद केले पाहिजे की, दूर नेऊन टाकण्याची ती सवय आपल्या नगरशासनाच्या हाडीमाशी इतकी खिळली की, पुढील शतकभर यंत्रांची निवडदेखील 'दूर नेणे स्वस्त कसे होईल' या एकाच निकषावर होत राहिली. देवनारच्या क्षेपणभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहरावर दिवसचे दिवस पसरून राहिला, तेव्हा त्या निकषाची किंमत साऱ्यांच्या श्वासात उतरली.

दाबगाडीचा जन्म अमेरिकेत झाला. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहराचे जॉर्ज डेम्पस्टर यांनी १९३० च्या दशकात मोठी लोखंडी पात्रे यंत्राने उचलून गाडीवर रिकामी करण्याची पद्धत काढली, आणि १९३८ मध्ये गारवुड कंपनीने कचरा पेटीत रेटून दाबणारी गाडी बाजारात आणली. त्या गाडीची रचना आजही मूलतः तीच आहे. पाठीमागे उघडा हौद असतो. इंजिनाच्या शक्तीवर चालणारा पंप तेलाला दाब देतो. त्या दाबाने एक पोलादी पत्रा वरून खाली उतरून हौदातला कचरा ओढतो आणि पेटीच्या आत रेटतो. पेटीच्या आतली सरकती भिंत त्या रेट्याला अडवून धरते, इंचाइंचाने मागे हटते, आणि गाडी रिकामी करताना तीच भिंत सगळा ऐवज बाहेर ढकलते. भाजीबाजाराच्या कडेला ही गाडी काम करीत असताना पाच-दहा मिनिटे जवळ उभे राहणाऱ्याला तिचे सारे गुणदोष कळतात. कामगार खटका ओढतो, पत्रा उतरतो, शहाळ्याच्या कवट्या कडाकडा फुटतात, त्यांच्याबरोबर काचेच्या बाटल्याही फुटतात, पुठ्ठ्याची खोकी कोबीच्या पानांत चेपली जातात, आणि हौदाच्या तळाच्या रबरी पट्टीखालून काळसर पाण्याची धार रस्त्यावर सुटते. सकाळी जो पुठ्ठा भंगारवाल्याने किलोवर घेतला असता, तो त्या एका रेट्यात कोणाच्याही उपयोगाचा उरत नाही.

आता या यंत्राचा हिशेब पाहू. अमेरिकेतील घरगुती कचऱ्यात कागद, पुठ्ठा, डबे, वेष्टणे यांचा भरणा असल्यामुळे तो हलका व पोकळ असतो. एका घनमीटरात शंभर ते दोनशे किलो इतकेच त्याचे वजन भरते, आणि म्हणून तो दाबून तिपटी-चौपटीने आटवणे फायद्याचे ठरते. आपल्या शहरांतील मिश्र कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग अन्नपदार्थ, भाजीपाला व पालापाचोळा यांचा असतो, त्यात माती व वाळू मिसळलेली असते, आणि ओलावा निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे तो मुळातच घनमीटरमागे चारशे ते सहाशे किलो वजनाचा असतो. चौदा घनमीटरची पेटी अशा कचऱ्याने, एकदाही न दाबता, भरली तरी त्यात सुमारे सात टन माल बसतो. दोन आसांच्या मालगाडीचे एकूण वजन कायद्याने १६.२ टनांच्या आत ठेवावे लागे. २०१८ मध्ये ती मर्यादा १८.५ टन करण्यात आली. यातून चासीचे, पोलादी पेटीचे आणि दाबयंत्रणेचे स्वतःचे वजन वजा केले, की सात-आठ टनांपलीकडे कायदेशीर भार उरत नाही. म्हणजे ज्या गाडीची किंमत दाबण्याच्या शक्तीसाठी मोजली, ती गाडी आपल्या ओल्या, जड कचऱ्यापुढे दाबण्याचे काम फारसे न करताच वजनाच्या मर्यादेला पोहोचते. आणि दाबत राहिलीच, तर एक तर आसांवर बेकायदा भार पडतो किंवा पिळून निघालेले पाणी रस्त्यावर सांडते. हा त्रैराशिकाचा हिशेब आहे, आणि तो निविदा काढण्यापूर्वी कोणत्याही आरोग्य निरीक्षकाला वजनकाट्यावर एक आठवडा गाड्या तोलून करता येण्यासारखा आहे. तो न करता दुसऱ्या शहराच्या निविदेतील तपशील उतरवून घेण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्याइतके नुकसान या क्षेत्रात दुसऱ्या कशाने झाले असेल असे मला वाटत नाही.

याचा अर्थ दाबगाडी सर्वथा त्याज्य आहे असा नव्हे. बंद पेटी उघड्या ट्रकपेक्षा निर्विवाद चांगली. तिच्यातून कचरा उडत नाही, भटक्या जनावरांना तो लागत नाही, आणि रस्त्यावरील पात्र यंत्राने उचलले जात असल्याने पाटी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढण्याचे अमानुष काम सुटते. महानगरांत, जेथे कचरा वीस-तीस किलोमीटर दूर न्यावा लागतो, तेथे घंटागाडीने गल्लीगल्लीतून गोळा केलेला माल एका स्थानांतर केंद्रात आणून तेथील स्थिर दाबयंत्राने मोठ्या बंद पेटीत भरणे आणि ती पेटी आकडा असलेल्या गाडीने उचलून नेणे ही पद्धत सयुक्तिक आहे. मुंबईत महालक्ष्मी व कुर्ला येथे अशी स्थानांतर केंद्रे आहेत. होळकरांच्या इंदूर शहराने हीच पद्धत अधिक विचारपूर्वक अमलात आणली. तेथे ओला आणि सुका कचरा घरातूनच वेगळा निघतो, घंटागाडीत वेगळ्या कप्प्यांत पडतो, आणि स्थानांतर केंद्रावर वेगळ्याच पेटीत दाबला जातो. यंत्रे इतरत्र आहेत तशीच. फरक आहे तो यंत्रांआधीच्या शिस्तीत. लहान गावांना मात्र या साऱ्या पसाऱ्याचे प्रयोजन नाही. ज्या नगरपंचायतीचा कचरा रोज पाच-सात टन आणि प्रक्रिया केंद्र गावाच्या वेशीपासून दोन-तीन किलोमीटर, तिने दाबगाडी घेणे म्हणजे इंधन आणि दुरुस्ती यांचा कायमचा बोजा विनाकारण अंगावर घेणे होय.

दाबगाडीपेक्षा पुष्कळ साधे, पुष्कळ स्वस्त आणि माझ्या मते अधिक मोलाचे यंत्र म्हणजे गासडीचा प्रेस. विदर्भ-खानदेशातील वाचकांना तो परका नाही. सरकी काढलेला कापूस दाबून त्याची गासडी बांधण्याची विद्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत शंभराहून अधिक वर्षे नांदत आली आहे. सुक्या कचऱ्यासाठीचा उभा प्रेस हा त्याचाच धाकटा भाऊ. एक पोलादी कोठी, वरून उतरणारी दाबपट्टी, समोर कुलूपबंद दार आणि तार ओवण्यासाठी तळाशी व वर खाचा, इतकाच त्याचा संसार. निवडलेल्या पाण्याच्या बाटल्या कोठीत टाकतात, दाब देतात, पुन्हा टाकतात, पुन्हा दाब देतात. बाटल्यांची बुचे काढलेली किंवा त्यांना भोक पाडलेले नसेल, तर आतली हवा अडून गासडी फुगते, म्हणून बुच काढण्याचे काम आधी करावे लागते. कोठी भरली की तार ओवून पीळ देतात आणि दार उघडून गासडी बाहेर लोटतात. हे सारे दोन माणसांचे काम आहे.

या यंत्राने घडणारा आर्थिक बदल मात्र त्याच्या साधेपणाच्या मानाने फार मोठा आहे. मोकळ्या बाटल्या घनमीटरमागे तीस-चाळीस किलोहून अधिक भरत नाहीत. दहा टनी ट्रक त्यांनी काठोकाठ भरला तरी आत एक टनसुद्धा माल नसतो, आणि भाडे मात्र पूर्ण ट्रकाचे द्यावे लागते. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या लहान गावाहून प्लास्टिकच्या कारखान्यापर्यंतचे अंतर शेकडो किलोमीटर असते, तेव्हा मोकळ्या मालाला भाडेच खाऊन टाकते आणि तो माल शेवटी गावाबाहेर जाळला जातो. गासडी बांधली की त्याच जागेत सहा-आठपट वजन बसते, आणि जो माल काल केर होता तो आज व्यापाराचा जिन्नस होतो. शिवाय गासडीत एकच जातीचा माल असला तर कारखानदार भाव देतो. मिश्र गासडीला तो भाव पाडतो किंवा ती परत पाठवतो. म्हणून प्रेसच्या आधी निवडीचे टेबल किंवा सरकता पट्टा हवा, आणि त्या पट्ट्यापाशी जाणकार हात हवेत.

ते जाणकार हात आपल्याकडे आहेत, आणि त्यांची गणना यंत्रसामग्रीच्या कोणत्याही आढाव्यात सर्वांत आधी व्हायला हवी. बाटली हातात घेताच ती कोणत्या प्लास्टिकची आहे हे नुसत्या आवाजावरून व लवचिकपणावरून ओळखणाऱ्या कचरावेचक स्त्रिया महाराष्ट्रातील प्रत्येक शहरात आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, आणि पुढे 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरच्या संकलनाचे काम पत्करले. जेथे दाबगाडी थेट सोसायटीच्या दारात येऊन मिश्र कचरा गिळते तेथे या स्त्रियांची उपजीविका त्या हौदात जाते; जेथे संकलन त्यांच्या हाती असते तेथे विकण्याजोगा माल दाबला जाण्यापूर्वीच बाजूला निघतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ती जबाबदारी पाळणे हे दयाबुद्धीचे काम मानले जाते, याचा मला खेद वाटतो. कारण हिशेबाने पाहिले तर कोणत्याही स्वयंचलित निवडयंत्रापेक्षा त्यांचे काम सरस आहे, आणि त्यांना देण्याचे हातमोजे, ओळखपत्र, सावलीचे छप्पर आणि प्रेसचा वापर यांचा खर्च एका दाबगाडीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

हे लहान गावातही साधते याचा दाखला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने घालून दिला. रामदास कोकरे हे तेथे मुख्याधिकारी असताना कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा करण्याची पद्धत रुजली, क्षेपणभूमीच्या जागी लोक पाहायला येतात असे उद्यानवजा केंद्र उभे राहिले, ओल्या कचऱ्यापासून जैववायू निघू लागला, आणि निरुपयोगी प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांत वापरला गेला. तेथील यंत्रे पाहिली तर त्यांत असामान्य असे काही नाही: प्लास्टिकचा चुरा करणारे एक, पालापाचोळ्याच्या कांड्या दाबणारे एक, जैववायूची टाकी एक. अशी यंत्रे अनेक नगरपरिषदांच्या आवारात गंजत उभी असलेली आढळतात, कोठे तीन फेजांची वीजजोडणी मिळाली नाही म्हणून, कोठे पंपाचे सील बदलायला माणूस नाही म्हणून, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना घालायला वेगळा झालेला मालच येत नाही म्हणून.

ओल्या कचऱ्याचा विषय स्वतंत्र ग्रंथाचा आहे. येथे यंत्रापुरते बोलतो. इंदूरच्या भूमीवरच अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात पालापाचोळा, शेण आणि माती यांच्या थरांपासून खत करण्याची जी पद्धत सिद्ध केली ती 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिला यंत्र जवळजवळ लागत नाही. पुढे १९७० च्या दशकात केंद्राच्या साहाय्याने मोठ्या शहरांत रोज दीडशे-तीनशे टनांचे यांत्रिक खत कारखाने निघाले आणि बहुतेक बंद पडले. मिश्र कचऱ्यापासून झालेल्या खतात काचेचे तुकडे आणि प्लास्टिक आले, आणि शेतकऱ्याने ते शेतात घालण्याचे नाकारले. आज त्याच इंदुरात रोज ५५० टन ओला कचरा पचवणारा जैववायू प्रकल्प फेब्रुवारी २०२२ पासून चालतो, आणि गोव्यात साळगाव येथे २०१६ मध्ये आरंभी रोज १०० टन क्षमतेचा प्रकल्प उभा राहून त्याच्या वायूपासून वीज निघू लागली. जैववायूच्या टाकीला वाळू आणि प्लास्टिक यांचे वावडे असते: वाळू तळाशी साचून टाकीची क्षमता खाते, प्लास्टिक वर तरंगून साय धरते आणि वायूची वाट अडवते. तुकडे करणाऱ्या यंत्राची पातीही एका लोखंडी बोल्टाने किंवा नारळाच्या करवंट्यांनी बोथट होतात. तेव्हा दाबगाडीत चेपून आलेला मिश्र कचरा या प्रकल्पांना घालणे हे त्यांना हेतुपुरस्सर बंद पाडण्यासारखेच आहे.

जाळून वीज करण्याच्या कल्पनेबाबत दिल्लीतील तिमारपूरचा इतिहास पुरेसा बोलका आहे. डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने तेथे १९८० च्या दशकात रोज ३०० टन कचरा जाळणारा कारखाना उभारला गेला, आणि आपल्या ओल्या कचऱ्यात अपेक्षित उष्मांक नसल्याने तो अल्पावधीत बंद पडला. यंत्र उत्तम होते. ज्या कचऱ्यासाठी ते बनले होते तो कचरा दिल्लीत नव्हता. जे खरोखर जळण्याजोगे आहे, म्हणजे बहुपदरी वेष्टणे, चिंध्या, चपला, त्याची रास्त जागा सिमेंटच्या भट्टीत आहे. २०१६ च्या नियमांनी अशा जळणाच्या केंद्रापासून शंभर किलोमीटरच्या आतील उद्योगांना आपल्या इंधनाचा किमान पाच टक्के भाग त्यातून भागवण्यास सांगितले होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यांमुळे विदर्भातील नगरपालिकांना ही सोय इतरांहून सुलभ आहे. तेथवर माल न्यायचा तर तो कोरडा आणि गासडीबंद हवा, हे ओघाने आलेच.

जुन्या ढिगांवर चालणाऱ्या फिरत्या चाळण्यांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात त्यांवर मोठा निधी खर्ची पडत आहे. ढीग उकरायचा, उन्हात उलथापालथ करून वाळवायचा, आणि गोल फिरणाऱ्या जाळीतून माती, दगड व प्लास्टिक वेगळे करायचे, असे हे काम आहे. पावसाळ्यात ओल्या मातीने जाळीची छिद्रे बुजतात, म्हणून कोकणात वर्षाचे चार महिने ते जवळजवळ थांबते. मुदतीचे करार करताना हे चार महिने धरले जात नाहीत आणि मग घाईने न चाळलेलाच माल दुसरीकडे हलवला जातो. शिवाय एकीकडे जुना ढीग उपसताना दुसरीकडे रोजचा मिश्र कचरा त्याच आवारात येऊन पडत असेल, तर त्या खर्चाला अंत नाही.

सुरक्षिततेबद्दल कोणताही अहवाल दोन ओळींपलीकडे जात नाही, म्हणून येथे थांबून सांगतो. दाबगाडीचा पत्रा माणसाचा हात आणि पुठ्ठा यांत भेद करीत नाही. हौदात अडकलेली गोणी हाताने ओढू पाहणाऱ्या कामगाराला वाचवणारी दोनच साधने आहेत: हात सोडताच पत्रा थांबवणारा खटका आणि गाडीच्या दोन्ही अंगांना बसवलेली आणीबाणीची कळ. काम लवकर उरकावे म्हणून तो खटका तारेने बांधून ठेवलेला आढळतो. गाडी स्वीकारताना ही साधने तपासली जातात. दोन वर्षांनी ती कोणी तपासत नाही. मुकादमाच्या रोजच्या हजेरीपुस्तकात या तपासणीचा एक रकाना घालण्यास कोणत्याही नव्या मंजुरीची गरज नाही.

राहता राहिला कराराचा प्रश्न, आणि माझ्या मते सर्व यंत्रांच्या यशापयशाची किल्ली तेथेच आहे. बहुतेक ठिकाणी ठेकेदाराला मोबदला मिळतो तो क्षेपणभूमीच्या काट्यावर भरलेल्या टनांप्रमाणे. वजनावर पैसा मिळणार असेल तर ओला, मिश्र, मातीमिश्रित कचराच त्याला प्रिय होणार. पाऊस पडलेल्या दिवशी त्याचे उत्पन्न वाढणार, आणि बांधकामाचा राडारोडा गुपचूप पेटीत चढणार. घरातच खत करणारी सोसायटी त्याच्या दृष्टीने तोट्याची, आणि सुका माल आधीच उचलून नेणारी कचरावेचक स्त्री त्याची स्पर्धक ठरते. असा करार कायम ठेवून कितीही प्रेस आणि टाक्या विकत घेतल्या तरी त्यांना माल मिळणार नाही. वाहतुकीचा मोबदला ठरावीक फेऱ्यांवर आणि सेवा दिलेल्या घरांवर द्यावा, आणि त्यावरचा वाढीव मोबदला केंद्रातून विक्रीसाठी बाहेर पडलेल्या गासड्यांच्या व स्वच्छ खताच्या वजनावर द्यावा. क्षेपणभूमीकडे जाणाऱ्या प्रत्येक टनामागे त्यातून कपात करावी. यंत्राच्या किमतीबरोबरच सात वर्षांची देखभाल, सुट्या भागांचा साठा आणि घसाऱ्याची रक्कम त्याच ठरावात मंजूर करावी, आणि तुलनात्मक दर मागवताना ही सर्व बेरीज धरूनच मागवावेत. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ अन्वये सर्वसाधारण सभेला असे करार ठरवण्याचा अधिकार आहेच. पुढच्या वेळी वाहतुकीच्या ठेक्याची मुदत संपून नवी निविदा सभेपुढे येईल तेव्हा नगरसेवकांनी मोबदल्याचे कलम प्रथम वाचावे आणि दाबगाडीची घनमीटरांतील क्षमता त्यानंतर.